उद्यमबाग, वडगाव आणि एक जर्मन खुर्ची

मामांनी मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "खुर्ची राहू दे रे, हे कापड कुणी विणलंय?"

फोटो जर्मनीतल्या डेसाऊ शहरातल्या बाऊहाउस म्युझियममधला. स्टीलच्या पाइपची एक खुर्ची. बसायला, पाठीला आणि हात टेकायला ताणून बसवलेल्या कापडी पट्ट्या. माझं बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. त्या खुर्चीपुढं मी चांगली वीस मिनिटं उभा होतो, ती पाइपचे बेंड बघत. कापड डोळ्यांना दिसलं असेल, पण डोक्यात गेलं नव्हतं. मामांचा जन्म वडगावात मागाच्या खटखटीत गेला. त्यांना पाइप दिसलाच नाही.

मशिनरीच्या प्रदर्शनासाठी लाइपझिगला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा लोकल गाडीनं साधारण तासाभरात डेसाऊ गाठलं. परत आल्यावर ज्यानं त्यानं विचारलं, काय बघितलंस? मी सांगायचो: खुर्ची, किटली, टेबल लॅम्प, गालिचा. "एवढ्यासाठी जर्मनी? आमच्या खडेबाजारात काय कमी आहे?" त्यांचंही चूक नाही. या म्युझियमची पहिली अडचणच ही आहे. ताजमहाल बघताना माणूस आ वासतो, कारण तसलं त्याच्या घरी नसतं. इथं काचेच्या पेटीत ठेवलेली प्रत्येक वस्तू आपण कुठं ना कुठं पाहिलेली असते. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये. वाकवलेल्या पाइपची खुर्ची, गोल काचेचा दिवा, एकावर एक बसणारी टेबलं. त्यांच्यात विशेष असं काही वाटत नाही, कारण त्या जगभर पसरून जुन्या झाल्या. त्या पहिल्यांदा केल्या तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, हे ध्यानात ठेवून बघावं लागतं.

तर बाऊहाउस म्हणजे काय? आधी काय नाही ते सांगतो. ती कंपनी नव्हे, आणि आपले बिल्डर ज्याला 'मॉडर्न एलिव्हेशन' म्हणतात ती फॅशनही नव्हे. ती एक शाळा होती. १९१९ च्या १ एप्रिलला वाल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टनं वायमार शहरात सुरू केली. पहिलं महायुद्ध हरून जर्मनी नुकताच कुठं उठून बसत होता. ग्रोपियसनं तिथली चित्रकलेची शाळा आणि हस्तकलेची शाळा एकत्र केली. हे वाचायला कारकुनी काम वाटतं, पण सगळा मुद्दा त्यातच आहे. चित्रकार आणि शिल्पकार वरच्या पाटावर, सुतार, लोहार, विणकर खालच्या, ही उतरंड त्याला मोडायची होती. आपल्याकडं ती उतरंड जातीनं बांधलेली, तिकडं पेशानं. पण 'हात काळे होणारा तो खालचा' हा हिशेब दोन्हीकडं सारखाच.

'बाऊ' म्हणजे बांधणं, 'हाउस' म्हणजे घर. हे नाव घेताना त्याच्या मनात मध्ययुगात मोठी चर्च बांधणाऱ्या कारागिरांचे अड्डे होते. शाळेच्या जाहीरनाम्यावर लायोनेल फायनिंगर या चित्रकाराचं लाकडी ठशाचं चित्र आहे, तेही चर्चचंच. बेळगावच्या माणसाला हे समजवायला लांब जायला नको. किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर बघा. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. गाभाऱ्यापुढच्या छतातलं ते दगडी कमळ कोरणारा 'आर्टिस्ट' होता की गवंडी, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला असेल? भार कुठं जाणार हे ज्याला कळत होतं, त्यालाच पाकळी कुठं वळवायची हेही कळत होतं. किंवा दोघं जण असतील, पण ते एकाच मांडवाखाली काम करत होते. ग्रोपियसला तो मांडव परत हवा होता. फरक एवढाच, की या मांडवात आता मशीनही येणार होतं.

ही शाळा फक्त चौदा वर्षं चालली. तीन शहरं, तीन मुख्याध्यापक, सुमारे १२५० विद्यार्थी. आपल्या भागात याहून मोठं हायस्कूल सहज सापडेल.

शिकवायची पद्धत मात्र कुठल्या हायस्कूलसारखी नव्हती. प्रत्येक कार्यशाळेला दोन मास्तर: एक आकाराचा, एक हत्याराचा. आकाराचा मास्तर बहुधा चित्रकार. वासिली कांडिन्स्की आणि पाउल क्ले यांच्यासारखी माणसं तिथं पगारी मास्तर होती. हत्याराचा मास्तर म्हणजे ज्याचा हात बसलेला आहे असा कारागीर. उद्यमबागेत आम्ही याला ड्रॉइंग ऑफिस आणि शॉप फ्लोअर म्हणतो, आणि दोघांचं कधी पटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ड्रॉइंग काढणाऱ्यानं लेथ चालवलेलं नसतं, लेथवाल्याला ड्रॉइंग बदलायची मुभा नसते. तिथं विद्यार्थ्याला दोघांच्या हाताखाली राहावं लागे. त्यातून तयार झालेली पोरं पुढं स्वतः मास्तर झाली, तेव्हा दोन मास्तरांची गरजच उरली नाही.

कार्यशाळेत जाण्याआधी सगळ्यांना एक प्राथमिक वर्ग करावा लागे. सुरुवातीला तो योहानेस इटेन घ्यायचा. डोकं भादरलेलं, अंगात जोग्यासारखा झगा, वर्ग सुरू करण्याआधी श्वासाचे व्यायाम, आणि जेवणात लसूण एवढा की त्या काळच्या आठवणींत त्याचा वास अजून येतो. तो १९२३ मध्ये गेला. पुढं हा वर्ग योझेफ आल्बर्सकडं आला, आणि त्याचा एक धडा मला फार आवडतो. तो पोरांना जुनी वर्तमानपत्रं द्यायचा. कात्री-डिंकाची मिजास नको, कागद वाया जायला नको, आणि कागद आत्ता आहे त्याहून जास्त कामाचा झाला पाहिजे. पोरं किल्ले करायची, बोटी करायची, मुखवटे करायची. आल्बर्सनं कौतुक केलं ते एकाचंच. त्यानं कागदाला नुसत्या घड्या घालून तो उभा केला होता.

यात काय मोठं? सपाट कागद उभा राहत नाही, घडी घातलेला राहतो. पन्हळी पत्रा का वाकत नाही, याचं उत्तर तेच आहे. सपाट पत्र्यावर माणूस उभा राहिला तर तो खचेल, तोच पत्रा पन्हळी केला की गोठ्यावर दहा पावसाळे काढतो. वजन तेवढंच, जाडी तेवढीच. ताकद मालातून आली नाही, आकारातून आली. किल्ला करणाऱ्या पोरानं कागदाकडून दगडाचं सोंग करवून घेतलं, घडी घालणाऱ्यानं कागदाला कागदच राहू दिलं. बाऊहाउसचं सगळं तत्त्वज्ञान या एका घडीत आहे. बाकीचं म्युझियम त्यावरचं भाष्य समजा.

आता खुर्ची. मार्सेल ब्रॉयर हा हंगेरीचा पोरगा अठराव्या वर्षी शाळेत आला, सुतारकाम शिकला आणि १९२५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यानं ही खुर्ची केली. शाळा तेव्हा वायमारहून डेसाऊला आली होती. तिथं तो सायकल चालवायला शिकला आणि हँडलकडं बघत बसला. सायकलचं हँडल आपण रोज धरतो. पोकळ नळी, हलकी, मॅकरोनीसारखी वाकवलेली, आणि दोन्ही हातांचा जोर घेऊनही मोडत नाही. मग खुर्ची लाकडाची जाडजूड कशाला?

बोलायला सोपं, करायला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण पाइप बेंडिंगनं माझ्या बऱ्याच रात्री खाल्ल्या आहेत. पातळ पाइप वाकवला की बाहेरची बाजू ताणून पातळ होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि मधे तो चपटा होतो. म्हणून आत वाळू ठासतात किंवा मँड्रेल, म्हणजे आतून आधार देणारा दांडा, घालतात. त्यातून पाइप शिवणीचा असेल, म्हणजे पट्टी गुंडाळून वेल्ड केलेला, तर वाकवताना शिवण उघडण्याची भीती. ब्रॉयरला बिनशिवणीचा, सगळीकडं एकसारख्या जाडीचा पाइप हवा होता, आणि तो जर्मनीत मिळत होता, कारण मॅनेसमान बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तापलेल्या सळीतून सलग नळी काढायची रीत शोधली होती. आधी तो आडलर या सायकल कंपनीकडं गेला, तर त्यांना पाइपची खुर्ची म्हणजे थट्टा वाटली. मग मॅनेसमानचा पाइप आणून त्यानं एका फिटरच्या मदतीनं ती उभी केली. डेसाऊत युंकर्सचा विमान कारखाना होता. धातूत हात बसलेली माणसं गावात होतीच. ही खुर्ची एखाद्या राजवाड्याच्या गावी जन्मली नसती. तिला उद्यमबाग लागते.

खुर्चीकडं नीट बघितलं की कळतं, जुन्या गुबगुबीत आरामखुर्चीचं सगळं मांस काढून नुसता सांगाडा ठेवला आहे. ब्रॉयरनं गादी, स्प्रिंग, लाकूड सगळं उतरवलं, आणि अंग टेकायला कापड ताणलं. तुमचं अंग पाइपला कुठंही लागत नाही. हिवाळ्यात थंड लोखंड पाठीला लागलं तर कोण बसेल? म्हणजे बसतो आपण कापडावर. मामांचा प्रश्न अगदी मर्मावर होता.

(ही खुर्ची आज 'वासिली' नावानं विकली जाते. चित्रकार कांडिन्स्कीला ती आवडली होती, म्हणून साठच्या दशकात एका इटालियन उत्पादकानं ते नाव चिकटवलं. मूळ नाव बी ३. आणि ब्रॉयरनं ती शाळेच्या नावावर नाही, स्वतःच्या हिशेबात केली, त्यावरून ग्रोपियसशी कुरबूरही झाली. कारखाना म्हटला की हे आलंच.)

मी परत माहिती काढली. ते कापड 'आयझेनगार्न', म्हणजे शब्दशः लोखंडी धागा. धाग्यात लोखंड औषधालाही नाही. तो सुती धागा, खळ आणि मेणात बुडवून घासून चकचकीत केलेला. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली, पण खुर्चीत ताण सोसेल, घसटून फाटणार नाही असा तो सुधारला मार्गारेटा राइखार्ट या बाऊहाउसच्या विणकाम शाळेतल्या मुलीनं. मामांना सांगितलं तर ते हसले. "खळ आणि मेण. मग एवढं काय लांबून सांगायलायस? सुताला खळ दिल्याशिवाय ताणा चढत नाही मागावर." मग थोडं थांबून म्हणाले, "पण खळ पुन्हा धुऊन काढतात रे. ह्यांनी ठेवली होय तशीच? हुशार हाय पोरगी."

विणकामाच्या दालनात मला मामींची आठवण आली. का, ते सांगतो.

शाळा उघडली तेव्हा कायद्यानं बायकांना समान हक्क नुकताच मिळाला होता. पहिल्याच सत्रात ८४ मुली आणि ७९ मुलगे आले. ग्रोपियस भाषणात समतेचं बोलला आणि आतून घाबरला. एवढ्या मुली म्हणजे लोक शाळेला शिवणक्लास म्हणतील. मग हळूहळू असं झालं, की मुलगी आली की तिला मागाकडं वळवायचं. सुतारकाम, धातूकाम, बांधकाम तिच्यासाठी अवघड, असं ठरवलं गेलं. आनी आल्बर्स या विद्यार्थिनीला विणकाम अजिबात नको होतं. धागे म्हणजे बायकी काम, असं तिलाही वाटे. नाइलाजानं गेली आणि विसाव्या शतकातल्या सगळ्यांत मोठ्या विणकरांपैकी एक झाली. तिचं डिप्लोमाचं काम बेर्नाऊच्या कामगार संघटनेच्या शाळेतल्या सभागृहासाठी होतं: एका बाजूनं आवाज शोषणारं आणि दुसऱ्या बाजूनं उजेड परतवणारं कापड, त्यात चक्क सेलोफेन विणलेलं. कापड सुंदर दिसावं म्हणून नाही, सभागृहात भाषण नीट ऐकू यावं म्हणून.

या विभागाची प्रमुख गुन्टा श्ट्योल्त्सल. डेसाऊत मास्तरपद मिळालेली ती एकमेव बाई. तिच्या जकार्ड मागावरच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, कापडाचा फोटो मामांनी सगळ्यांत जास्त वेळ बघितला. रंगांचे चौकोन एकमेकांत घुसलेले, पण प्रत्येकाची कड सुरीनं कापल्यासारखी. आणि गंमत अशी, की 'मशीनचं युग, मशीनचं युग' म्हणून ढोल पिटणाऱ्या त्या शाळेत कारखान्यांना नियमानं नमुने विकून पैसा आणणाऱ्या मोजक्या विभागांत हा 'बायकी' विभाग होता.

मामींना हे सांगितलं. त्यांनी चाळीस वर्षं कांड्या भरल्या. त्या म्हणाल्या, "तिकडं बायकांना मागावरच बसवलं होय? आमाला तर मागाला हात लावू दिला नाही कुणी. धोटा कधी फेकायला मिळाला नाही." मी काही बोललो नाही. शहाण्या माणसांनी बायकांसाठी खोल्या ठरवायच्या आणि बायकांनी त्या खोलीत काहीतरी भलतंच करून दाखवायचं, एवढंच दोन्हीकडं सारखं.

म्युझियममध्ये ही कापडं अंधारात आहेत, याची आधीच कल्पना असावी, नाहीतर चिडचिड होते. इमारत बाहेरून काचेची, बागेत उभी; आत मात्र जमिनीपासून पाच मीटर वर एक शंभर मीटर लांब काळी पेटी तरंगत ठेवल्यासारखी आहे, आणि प्रदर्शन त्या पेटीत. बार्सिलोनाच्या आर्किटेक्टांनी केलेली ही इमारत शाळेच्या शंभराव्या वर्षी, ८ सप्टेंबर २०१९ ला उघडली. काळी पेटी का? कारण उजेड कापडाला आणि कागदाला खातो. असल्या वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. आपल्या वर्कशॉपच्या उजेडाच्या मानानं ते कंदिलाइतकं. आजीची शहापुरी साडी ट्रंकेत तळाला का असायची, त्याचं हे शास्त्रीय कारण. तेव्हा आत शिरल्यावर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या.

किटल्या आणि दिव्यांजवळ मला खरी गोष्ट कळली, आणि ती शाळेच्या बाजूची नाही. मारियाने ब्रान्ट हीही बाई, पण मागाकडं न जाता धातूच्या कार्यशाळेत टिकलेली. तिची १९२४ ची चहाची किटली अर्धगोल, खाली दोन पट्ट्यांच्या फुलीवर उभी. वाटतं, प्रेसवर टपाटप पडली असेल. प्रत्यक्षात एकेक हातानं ठोकलेली. त्याच कार्यशाळेतला विल्हेल्म वागेनफेल्ड त्याच साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत आपले दिवे घेऊन गेला तेव्हा व्यापारी हसले: दिसायला कारखान्याचं स्वस्त, किमतीला कारागिराचं महाग. हे म्हणजे मशीनचं सोंग घेतलेलं हस्तकाम झालं. गरिबाच्या घरी चांगली वस्तू जावी, असं म्हणता म्हणता ती गेली श्रीमंताच्या दिवाणखान्यात. दुसरा मुख्याध्यापक हानेस मायर याला हे खटकत होतं. चैन नको, लोकांना लागतं ते करा, असा त्याचा आग्रह. त्याच्या काळात १९२९ ला शाळेनं भिंतीला लावायचे साधे कागद काढले आणि धंद्यात शाळेला सगळ्यांत मोठं यश त्यांनी दिलं. त्यांच्यापुढं म्युझियममध्ये कुणी फोटो काढत नव्हतं.

अक्षरांवर थोडं. शाळेतला छपाईचा मास्तर हर्बर्ट बायर यानं १९२५ मध्ये फतवा काढला: मोठी अक्षरं बंद, सगळं लहान लिपीत. दोन वर्णमाला कशाला, एकीनं भागत असताना? जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात, त्यामुळं हा तिकडं मोठाच गदारोळ. आपल्याला तो कळणार नाही, कारण देवनागरीत आणि कन्नडमध्ये मोठं-लहान ही भानगड मुळात नाही. पण पाटीवरचं अक्षर कुठलं असावं यावरून माणसं कशी पेटतात, हे मात्र बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि त्याच बायरनं शाळेच्या इमारतीवर उभी पाटी लावली ती सगळी मोठ्या अक्षरांत!

ती इमारत म्युझियमपासून वीस-पंचवीस मिनिटं चालत, रेल्वे स्टेशनच्या पलीकडल्या अंगाला. म्युझियम बघून ती न बघणं म्हणजे कुंदा बघून न खाताच येणं. ग्रोपियसची, ४ डिसेंबर १९२६ ला उद्घाटन झालेली. कार्यशाळेच्या बाजूची पूर्ण भिंत काचेची, तीन मजले सलग. हे जमलं कसं? जुन्या घरात भिंत छप्पर पेलते, म्हणून तिला मोठं भोक पाडता येत नाही. इथं छपराचा भार आत असलेल्या काँक्रीटच्या खांबांवर आहे. भिंत बाहेर नुसती पडद्यासारखी टांगलेली. आज बेंगळुरूत काचेचा जो टॉवर दिसेल, त्याचं बीज इथं. पण खोटं कशाला बोला, त्या काचेमुळं आतली माणसं उन्हाळ्यात भाजायची आणि हिवाळ्यात गारठायची. हे दुखणं टॉवरांनीही तसंच्या तसं उचललं.

आणि सपाट छप्पर. इथं मला आमच्या लोकांशी भांडायचं आहे. टिळकवाडीपासून नव्या लेआउटपर्यंत गेल्या पंधरा-वीस वर्षांत पांढरे ठोकळे उभे राहिले: सपाट स्लॅब, छज्जा नाही, लांबट खिडक्या. बाऊहाउसची ही नातवंडं. माझंही घर त्यातलंच. जूनमध्ये आपल्याकडं पाऊस कसा येतो ते सांगायला नको. खानापूरकडं तर आभाळच खाली उतरतं. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतींना ओल आली. प्लॅन काढणारा म्हणाला, वॉटरप्रूफिंग करा. केलं. परत ओल. शेवटी सगळे करतात तेच केलं, स्लॅबवर पत्र्याची शेड मारली. आता ते घर दिसतं टोपी घातलेल्या फ्रीजसारखं.

याच्या उलट आपलं मंगळुरी कौल घ्या. तेही जर्मन हातचंच. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या गेऑर्ग प्लेब्श्टनं १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. एकाच मापाचं, साच्यात दाबून काढलेलं, एकमेकांत अडकणारं, फुटलं तर एकच बदलता येणारं, जवळच्या मातीचं आणि आपल्या पावसासाठी उतार मागणारं. माल, मशीन, हवा आणि खिसा, चारही गोष्टींचा विचार त्यात आहे. शाळा निघायच्या चोपन्न वर्षं आधी ते कौल बाऊहाउसचं काम करत होतं. आम्ही बाऊहाउसचा चेहरा आणायला म्हणून ते उतरवलं, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न तिकडंच ठेवला. डेसाऊच्या ट्योर्टेन भागात ग्रोपियसनं कामगारांसाठी ३१४ घरं बांधली, जागेवरच्या रेती-खडीतून तिथंच ब्लॉक पाडून. राहायला आलेल्यांनी पुढं खिडक्या बदलल्या, दारं बदलली. तिकडच्या पत्र्याच्या शेडच म्हणायच्या त्या.

शेवट राजकारणानं केला. वायमारमध्ये १९२४ ला उजव्या पक्षांचं सरकार आलं, शाळेचं अनुदान निम्मं झालं, म्हणून डेसाऊ. डेसाऊच्या नगरपालिकेत नाझी बळावले, १९३२ मध्ये शाळा बंद, म्हणून बर्लिन. तिथं एका बंद पडलेल्या टेलिफोन कारखान्यात तिसरा मुख्याध्यापक मीस व्हान डेर रोह यानं ती काही महिने ओढली. १९३३ मध्ये तीही संपली. माणसं जगभर पांगली. सगळी वाचली नाहीत. ओटी बेर्गर, श्ट्योल्त्सलच्या हाताखाली तयार झालेली अव्वल विणकर, ज्यू होती. १९४४ मध्ये आउश्वित्झला मारली गेली. तिच्या कापडाचे तुकडे हातावर मावतील एवढे आहेत.

पांगलेल्यांतला ग्रोपियस १९३७ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला शिकवायला लागला. तिथं त्याच्या हाताखाली चाळीसच्या दशकात शिकून आलेला एक जण आपल्या घाटाखालचाच: अच्युत कानविंदे, मालवणजवळच्या आचऱ्याचे. आयआयटी कानपूरचा परिसर त्यांचा. म्हणजे आंबोली उतरून गेलं की बाऊहाउसच्या शिष्याचं गाव लागतं. आणि त्याही आधी, १९२२ च्या डिसेंबरात, क्ले-कांडिन्स्कींची चित्रं कोलकात्यात प्रदर्शनात लागली होती, बंगाली चित्रकारांच्या शेजारी.

जायचं असेल तर थोडक्यात. डेसाऊला पूर्ण दिवस द्या: सकाळी म्युझियम, दुपारी शाळेची इमारत, तिथून जवळच झाडीत मास्तरांची घरं. शाळेच्या इमारतीतल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत रात्री मुक्कामही करता येतो, आधी बुकिंग करून. वायमारला वेगळं म्युझियम आहे, तेही २०१९ चंच. सुरुवातीचा, चर्चच्या चित्राचा काळ तिथं जास्त कळतो. बर्लिनच्या बाऊहाउस-आर्काइव्हचा संग्रह सगळ्यांत मोठा, पण इमारतीचं काम बरीच वर्षं चाललंय, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. आणि सोबत कुणालातरी न्या, शक्यतो दुसऱ्या धंद्यातल्याला.

गेल्या आठवड्यात मामा वर्कशॉपवर आले होते. माझ्या टेबलापाशी एक जुनी पाइपची खुर्ची पडून आहे; प्लास्टिकची वायर तुटून तिचं बूड केव्हाच गेलं. मामांनी ती उलटी केली, वितीनं मोजली. "दोन वीत चार बोटं," ते पुटपुटले, "ताणा दुहेरी घ्यावा लागंल." मग पट्टी पाइपभोवती कशी फिरेल ते हातानं दाखवत माझ्याकडं बघितलं. "शिवण कुठं टाकायची ते ह्याच्यावर हाय. पाइपचा घेर किती रे हा?"

मी व्हर्नियर शोधायला उठलो.